भाऊजींचा पुढचा दात

माझ्या ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, उभा जन्म क्लॅरिनेट फुंकण्यात गेला. सकाळी वाद्यवृंदाची तालीम, दुपारी संगीतशाळेत शिकवणी, संध्याकाळी घरी पुन्हा तेच. मी त्यांची मेव्हणी. वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे हे सगळं मला फुकट आणि सक्तीने ऐकावं लागतं.

त्या वर्षी त्यांचा वरचा सूर निसटायला लागला. क्लॅरिनेट धरताना वरचे पुढचे दात त्यावर टेकतात, आणि त्यातला एक दात हलत होता. तो गेला तर नोकरी जाईल, याची ताईला काळजी. भाऊजींची भीती वेगळीच होती. "वाजवणं सुटलं तर मी दिवसभर करू काय?" असं त्यांनी मला एकदा हळूच विचारलं.

ताईने त्यांना चौकातल्या नव्या दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण ही दोघं डॉक्टरसमोर नुसती मान डोलावतात. गुळगुळीत फरशी, भिंतीभर हसऱ्या माणसांचे फोटो. तरुण डॉक्टरने भाऊजींचे दात पडद्यावर भोपळ्याएवढे करून दाखवले.

"झीज बघा काका. पुढचे चारही घासून कॅप बसवू. दोन रूट कॅनाल लागतील. आजच सुरुवात केलेली बरी."

"चार कशाला? हलतोय तर एकच," मी म्हणाले.

"बाकीचे उद्या हलतील."

"मग मला वाजवता येईल ना?" भाऊजींनी विचारलं.

"काय वाजवता?" असं म्हणून तो उत्तराची वाट न बघता पुढच्या तारखा बघायला लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. भाऊजी मात्र कशालाही तयार होते, इतके घाबरले होते. "घरी बोलून कळवतो" म्हणत मी दोघांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

आता खात्रीचा दातांचा डॉक्टर शोधायचा कसा? ज्याला विचारावं तो आपल्याच डॉक्टरचे गोडवे गातो. शेवटी मी प्रश्न बदलला. "तुमच्या डॉक्टरने तुम्हाला कधी काहीच न करता परत पाठवलंय का?" बहुतेकांनी नाही म्हणून मान हलवली. संगीतशाळेचा शिपाई म्हणाला, "आईची दाढ काढायला गेलो होतो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, असू दे, अजून चालेल."

त्या बाईंचा दवाखाना वह्या-पेनांच्या दुकानावर होता. खोलीत एकच खुर्ची आणि कोपऱ्यात घरघरणारं यंत्र. बाईंनी दातांचा एक्स-रे काढला, हिरड्या तपासल्या. "झीज जुनी आहे, दुखत नाही. तिच्या वाटेला जायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. मग भाऊजींच्या मांडीवरच्या क्लॅरिनेटच्या पेटीकडे बोट दाखवलं. "वाजवून दाखवा."

भाऊजींनी खुर्चीतच वाजवलं. बाईंनी त्यांच्या जबड्यावर हात ठेवला होता. वरचा सूर आला, तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही चावताय."

भाऊजींचा चेहरा पडला. वाद्य ओठांनी धरा, दातांनी चावू नका, असं ते संगीतशाळेतल्या मुलांवर रोज ओरडतात. बाईंनी उलगडून सांगितलं: हिरडी सुजल्याने दात सैल झाला, म्हणून सूर निसटला, म्हणून ते चावायला लागले आणि दात आणखी सैल झाला. त्यांच्या कानांना हे कळलंच नव्हतं.

"हिरड्या खोलवर साफ करते. पण महिनाभर वाजवायचं नाही."

"त्यापेक्षा कॅप बसवा," भाऊजी म्हणाले. चार दात द्यायला तयार असलेला माणूस एक महिना द्यायला तयार नव्हता.

"कॅप दातावर बसेल. सैल झालीय ती हिरडी," बाई म्हणाल्या आणि हातमोजे काढून थांबल्या. मग भाऊजींनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं.

तो महिना आम्हा सगळ्यांना जड गेला. भाऊजी नळ दुरुस्त करत, ताईच्या स्वयंपाकात नाक खुपसत, संध्याकाळी नुसते खिडकीशी बसत. इतकी वर्षं त्या आवाजाला नावं ठेवणारी मी, मलाही चैन पडेना.

महिन्याने बाईंनी दात बोटाने हलवून पाहिला. "बराच घट्ट झालाय. पूर्वीसारखा होणार नाही. वाजवा, पण हळू."

"किती वर्षं टिकेल?" भाऊजींनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही."

जिना उतरताना ताई कुरकुरली, "एवढं सगळं करून म्हणे ठाऊक नाही."

"मलाही ऐकून वाईट वाटलं," भाऊजी म्हणाले. "पण यापुढे दुसरीकडे जायचं नाही."

संध्याकाळी मी न बोलावता खाली गेले आणि दारातच उभी राहिले. भाऊजींनी खालच्या सुरांपासून सुरुवात केली, अगदी सावकाश. वरचा सूर आला तो बारीक, थोडा थरथरता. त्यांचा जबडा आवळला जाताना मला दिसला आणि मग सैल पडतानाही दिसला. तो सूर त्यांनी तसाच बारीक राहू दिला.