विहीणबाईंचा फेरा

एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार. भात झोडून झालं की अंबाजी आणि त्याचा चुलतभाऊ बुधाजी लाकडं गाडीत भरायचे आणि अलिबाग-रेवदंड्याकडच्या जत्रा धरायचे. लाकडं जोडली की उभा राही अंबाजीचा रहाटपाळणा! त्याचा आस म्हणजे खाडीत फुटलेल्या एका गलबताची डोलकाठी. अंबाजी म्हणायचा, "ह्या लाकडाला वाऱ्याची सवय हाय, बसणाऱ्याला न्हाय."

चार झोपाळे, एकेकात दोन माणसं. फिरवायला ना इंजिन ना बैल. बुधाजी वर तुळयांवर चढून अंगाचा भार टाकायचा आणि अंबाजी खालून झोपाळ्यांना हिसका द्यायचा. पोरांचा फेरा म्हणजे आजीनं मांडीवर हलवावं तसा. बायांचा फेरा पोटात जरा गोळा आणायचा. आणि गड्यांचा फेरा? तो खाऊन उतरलेला गडी दुसऱ्याच्याच बैलगाडीत जाऊन बसायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पण फेरा कुठलाही असो, मांडीवरून जाड अडसर आडवा यायचाच आणि तो दोन्ही कडांना काथ्याच्या दोरीनं आवळला जायचाच. एकदा एक फौजदार बसले. "मी काय चोर आहे, मला बांधायला?" म्हणून गरजले. अंबाजी हात जोडून उभा राहिला, मान खाली, पण पाळणा काही हलेना. शेवटी फौजदारांनी आपल्याच हातानं अडसर ओढून घेतला. गावात कुणाला 'नाही' म्हणायची ज्याची छाती नव्हती, त्या माणसाचा हा एवढा एकच हट्ट.

आता हा हट्ट मोडला कुणापुढे, तर विहिणीपुढे.

अंबाजीची लेक रंगू पोयनाडच्या बाजूला दिली होती. लग्नानंतर दोन दिवाळ्या गेल्या, पोर माहेरी आली नव्हती. निरोप धाडला की उत्तर यायचं, भात लावायचंय. पुन्हा धाडला की, भात कापायचंय. आणि त्या वर्षी दत्ताच्या जत्रेला सासू मनुबाई आपण होऊन सुनेला घेऊन आली. लेकीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना अंबाजीनं पाहिल्या आणि तो तडक विहिणीपुढे जाऊन उभा राहिला.

"विहीणबाई, एक मागणं हाय. पोरीला शिमग्यापतूर आमच्याकडं ठेवा."

"बघू की. आधी पाळणा तर दावा तुमचा! लगीन जमवताना ह्याच पाळण्याचं कवतिक सांगत होतात न्हवं? गड्यांचा फेरा द्या मला."

"बायांचा देतो, लई झ्याक..."

"का? विहिणीला कमीचा व्हय?" मनुबाई झोपाळ्यात जाऊन बसलीसुद्धा. "चल गं रंगू, तू पन बस."

अंबाजी अडसर घेऊन पुढे झाला आणि तिथंच थबकला. तो बसवायचा तर विहिणीच्या मांडीवर ओणवं व्हायला हवं. मनुबाई कडाडली, "अवो व्याही! लेकीकडच्यांनी वरमाईला बांधायचं? आमच्या गावात कळलं तर बाया तोंडात पदर कोंबून हसतील!"

भोवतीची माणसं आत्ताच हसत होती. अंबाजीनं रंगूकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. शिमगा डोळ्यांपुढे आला, चुलीपाशी बसलेली लेक दिसली, आणि त्यानं अडसर हळूच जमिनीवर ठेवला.

वर बुधाजीला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं. अंबाजी दबक्या आवाजात "हळू रं, हळू" म्हणाला, ते जत्रेच्या ढोलात विरलं. उलट मनुबाईच ओरडली, "काय रं, जेवला न्हाईस का?" झालं! बुधाजीला चेव आला. त्यानं अंग झोकलं, डोलकाठी करकरली आणि पाळण्यानं वेग घेतला.

पहिल्या फेऱ्यांना मनुबाई खदखदून हसली. मग हसणं बारीक झालं. मग वरून किंकाळी आली, "उतरवा मला! अगं आई, उतरवा!" आणि बाई चक्क उठून उभी राहू लागली.

खाली अंबाजीनं हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. वेगातला झोपाळा मधेच धरला तर तो तिथंच उलटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पाळणा आपल्या मनानं मंदावेल तेव्हा मंदावेल. लेक आणि विहीण डोक्यावरून जात होत्या, खाली येत होत्या, हाताला लागतील एवढ्या जवळ येऊन पुन्हा वर जात होत्या. रंगूनं सासूच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली होती, पण त्या काटकुळ्या हातांत जोर तो किती!

तेव्हा अंबाजीच्या तोंडून निघालं, तेही एवढ्या मोठ्यानं की ढोलवाले थांबले, "ए भवाने! बूड टेक आधी! टेक म्हणतो ना!"

मनुबाईनं मटकन बूड टेकलं.

जत्रा पोट धरून हसली. पाळणा मंदावला, थांबला. दोघी धडधाकट उतरल्या. मनुबाईचा चेहरा पिठासारखा पांढरा होता, मग तो लाल झाला.

"विहीणबाई, चुकलं, तोंडातून गेलं..." अंबाजीनं पागोटं काढून तिच्या पायांपाशी ठेवलं.

"मला भवाने? चार लोकांत? आता शिमगा न्हाय आन् दिवाळी न्हाय. गाडी जुंपा रं!"

बुधाजी मधे पडला, जत्रेतल्या दोन म्हाताऱ्या मधे पडल्या. काही उपयोग झाला नाही. गाडी निघाली तशी अंबाजी थोडं अंतर मागून चालत गेला. रंगूला वळून हात करायचा होता, बापाला ते दिसत होतं. पण सासूनं तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. पाळण्यातून उतरल्यापासून ते तिनं सोडलंच नव्हतं. चाक खड्ड्यात गेलं की मनुबाई डोळे मिटायची आणि सुनेला आणखी जवळ ओढायची.