बिट्टू जेवत नव्हता तेव्हा

जनावरांच्या दवाखान्यात किस्से लवकर साठतात. पेशंटला बोलता येत नाही, म्हणून बोलायचं काम बाकीचे सगळे अंगावर घेतात! आमच्या देगलूरच्या दवाखान्यात मी डॉक्टर, ख्वाजाभाई ड्रेसर आणि दारात जो उभा असेल तो सल्लागार. त्यातले निम्मे किस्से एकट्या बिट्टूचे आहेत.

बिट्टू म्हणजे कांबळे सिस्टरचं तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. सिस्टर इस्लापूरकडच्या खेड्यांत नर्स होत्या, आता रिटायर. पाच दिवसांच्या सलाईनवर बिट्टू पार्व्होच्या आजारातून कसाबसा वाचला. उलट्या थांबल्या, पण खाणं सुरू होईना, म्हणून त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आता पोटात काही गेलं नाही तर पिल्लू हातचं जाईल, हे मी सिस्टरना स्पष्ट सांगितलं.

*

ख्वाजाभाईंनी घरून चिकनचं बिनमसाल्याचं पाणी आणलं. बिट्टूनं तोंड फिरवलं. म्हैस घेऊन आलेले एक तेलुगू आजोबा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि "तिनु रा, तिनु," म्हणजे खा रे, खा, असं समजावत राहिले.

ख्वाजाभाई म्हणाले, "साहेब, मराठीत ऐकंना म्हणून आता तेलुगूत सांगायलेत. कन्नडवाला बघू का एखादा?"

*

गोळ्या भातात कालवून द्या, असं मीच सांगितलं होतं. सिस्टरनी भातात दिल्या, अंड्यात दिल्या, केळ्यात दिल्या. एकदा टेबलाखाली झाडताना ख्वाजाभाईंना चार गोळ्या सापडल्या, तोंडात धरून मग थुंकलेल्या!

सिस्टर हसल्या. "गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायचो ना, लोक अशाच गालात धरायचे. मग मी आधी त्यांच्यासमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायची. तवा कुठं घ्यायचे."

मला मात्र हसू आलं नाही. ज्या भातावर त्यानं जगायचं, त्यातच मी कडू घालायला लावलं होतं. त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. इंजेक्शन मी द्यायचं आणि भात सिस्टरनी, असं ठरलं.

*

तरी दोन दिवस सिस्टर दिसल्या की बिट्टू कोपऱ्यात जाऊन बसायचा.

"तीस वर्षं लेकरं मला बघून पळाली, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तवा काही वाटलं न्हाई. आता लई लागायलंय."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत आलो, तर सिस्टर फरशीवर मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात बिट्टूची ताटली. त्यांनी तिच्यातला घास उचलून स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला. मग बिट्टूपुढे वाकून त्यांनी आऽ केलं. जीभही वर करून दाखवली.

ख्वाजाभाई झाडू धरून तसेच उभे राहिले.

बिट्टू कोपऱ्यातून आला. आधी त्यानं सिस्टरचं तोंड हुंगलं, मग ताटली. आणि खायला लागला.

सिस्टरनी पदर डोळ्यांना लावला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "लई अळणी हाय की ओ हा भात."