पागनिसांच्या बैठकीतला व्हायरस

गाढवपणा मीही केलाय हो, पण तोसुद्धा विद्वत्तापूर्ण! ऐका तर.

तेव्हा मी कारकुनीतून नुकताच रिटायर झालो होतो. लायब्ररीतली इंग्रजी मासिकं वाचून वाचून रेट्रोव्हायरस हा नवाकोरा विषय अगदी तोंडपाठ केला होता. अख्ख्या इंदुरात तो कळणारा मी एकटाच, अशी माझी खात्री होती. रामबागेतल्या एका वाचकमंडळानं व्याख्यानाला बोलावलं. रविवारी, पागनिसांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, मंडळाच्या भाड्याच्या खोलीत.

पण चपलांचा ढीग दिसला तो खालच्याच मजल्यावर. म्हटलं, वा! गर्दी वर मावेना वाटतं!

पागनीस दारातच हात जोडून उभे. "या, या! तुमचीच वाट पाहत होतो!"

मला सोफ्याच्या मधोमध बसवलं. पोहे आले, वर शेव, जीरावण मसाला. समोर एक मुलगी साडी नेसून, मान खाली घालून बसलेली. काय एकाग्र श्रोता!

मग काय, सुरूच झालो! "हा व्हायरस आपला मजकूर आरएनएत घेऊन पेशीत शिरतो. तिथे त्यावरून उलटा डीएनए बनवतो आणि पेशीच्या डीएनएत बेमालूम जोडून देतो. पेशीला वाटतं, हा आपलाच! ती स्वतःबरोबर त्याच्याही नकला काढत बसते. एकदा शिरला की निघत नाही. कधीकधी तर पुढच्या पिढीतही उतरतो!"

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा चमचा हवेतच थांबला. "पुढच्या पिढीत? मतलब, मुलीच्या घराण्यात असं काही आहे की काय?"

पागनीस पांढरेफटक! "छे छे! अहो, हे तर तुमच्याकडचे ना? उज्जैनहून आलेले?"

"आमच्याकडचे?" बाईंचे यजमान ताडकन उठले. "अरे भिया, आम्ही यांना मुलीचे काका समजतोय!"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. माझ्या तोंडात पोहे. तेही दुसऱ्या बशीतले!

बाई पदर सावरून निघायच्याच बेतात. स्थळ हातचं जातंय, हे आता मलाही कळलं. तेवढ्यात मुलीनं मान वर केली.

"बाबा, काकांनी बरोबरच सांगितलं. आत शिरले, दोन्हीकडच्यांना आपलेच वाटले आणि आता निघत नाहीत. हाच तो व्हायरस!"

नवरामुलगा असा हसला की कपातला चहा विजारीवर! लग्न तिथेच ठरलं.

वरच्या मजल्यावरचे श्रोते माझी वाट पाहून निघून गेले. आनंदानं गेले, असं म्हणतात.

पण सांगा, व्याख्यानानं लग्न जमवणारा दुसरा वक्ता दाखवा! दोन्ही घरच्या फोटोंत मी मधोमध आहे. आता त्या दोघांची मुलगी मला आजोबा म्हणते.

आईकडचे की बाबांकडचे, हे मात्र तिला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.