येण्याचं वजन, जाण्याचं वजन

मुलांवर माया करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ती माया किलो-ग्रामात मोजून, पावतीसकट आईबापांच्या हातात ठेवणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच नशिबी चुलतसासरा म्हणून आला. लग्नात मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शेजारी बसलेल्या माणसाला हळूच म्हणाले, "पंचावन्न. दागिने धरून." छप्पन्न होते, पण हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काकाजींची तीस वर्षं भनपुरीच्या एका धर्मकाट्यावर गेली. ट्रक आला की एक वजन, निघाला की दुसरं, दोन्ही एकाच पावतीवर. दुसरं वजन चढलं नाही तर पावती उघडी राहते, आणि पावती उघडी म्हणजे गाडी अजून आपल्याच आवारात आहे असं धरायचं, हा त्यांचा नियम. काम सुटल्यावर काकूंनी चौबे कॉलोनीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत शाळा सुटल्यावरची मुलं सांभाळायला घेतली, तेव्हा काकाजींनी फक्त फाटक उघडायचं आणि लावायचं असं ठरलं होतं. आठवडाभर त्यांनी ते इमानेइतबारे केलं. मग एक दिवस भंगारवाल्याकडून दांडीवर वजन सरकवायचा, लोखंडी पाट्याचा काटा उचलून आणला, दाराशी मांडला आणि दुपारी व्हॅनमधून उतरलेलं पहिलं पोट्टं त्यावर उभं केलं. तेव्हापासून तिथलं प्रत्येक मूल येताना एकदा आणि जाताना एकदा तोललं जातं. बूट काढायचे, दप्तर बाजूला, खिसे रिकामे. एकदा एका खिशातून जिवंत बेडूक निघाला, तर काकाजींनी त्यालाही पाट्यावर ठेवून पाहिलं. दांडी हलली नाही, म्हणून त्याला पावती न देता नालीत सोडून दिलं.

संध्याकाळी पालकांच्या हातात चिठ्ठी पडे. "आली एकोणीस किलो तीनशे, गेली एकोणीस किलो पाचशे. भरती दोनशे. पोहे, अर्धं केळं. खरचटणे एक, डावा गुडघा. रडणे एक वेळ, कारण खरं." कारण खोटं असलं तर तसंही लिहिलेलं असे. पालकांना घाई असते, पण काकाजींपुढे घाई चालत नाही. गुढियारीच्या एका बापाने मुलाला फाटकातूनच उचललं, स्कूटरवर पुढे उभं केलं आणि पसार झाला. काकाजींनी ऑटो बोलावला, काटा त्यात चढवला आणि गुढियारी गाठली. तोवर मुलगा जेवून उठला होता. काकाजींनी त्याला तिथेच ओसरीत तोललं, दोन पोळ्या आणि वाटीभर वरण अंदाजाने वजा केलं, पावती पुरी करून दिली आणि पाणीसुद्धा न पिता परत आले.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याची लाज वाटायची. ऑफिसातल्या मैत्रिणी आपापल्या मुलांच्या डे-केअरची कौतुकं सांगत. कुठे कॅमेरे, आईला मोबाईलवर दिसतं. कुठे अबॅकस, कुठे स्केटिंग. आणि माझ्या पर्समधून काय निघायचं, तर "भरती पाचशे". माझी मुलगी सई तेव्हा सात वर्षांची होती आणि शाळा सुटल्यावर काकाजींकडेच असायची. मी कॅमेरेवाल्या जागेचा फॉर्म आणला, भरला, आणि हे काकाजींना मीच सांगायचं असं नवऱ्याने मोठ्या उदारपणे माझ्यावर सोपवलं. त्याचे सख्खे काका, आणि वाईटपणा माझ्याकडे! एका शुक्रवारी मी लवकर निघून, फॉर्म पर्समध्ये घेऊन तिथे पोचले.

मी तोंड उघडायच्या आत काकाजींनीच मला खुर्ची दिली आणि तीन आठवड्यांच्या पावत्यांच्या कार्बन प्रती माझ्यापुढे पत्त्यांसारख्या मांडल्या. बाकीची मुलं दोनशे, फार तर अडीचशे भरतात. सई रोज पाचशे. "काहून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकूंच्या हाताला चव आहे. त्यांनी मान हलवली. चव सगळ्यांना सारखीच आहे म्हणाले. पोट्टी दुपारी येते ती इतकी उपाशी येते, की बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावते. मी जरा चिडलेच. म्हटलं, मी सकाळी पाचला उठून डबा करते, आणि तो रोज चाटूनपुसून रिकामा घरी येतो.

"डबा रिकामा आहे हे तुले डब्यानं सांगितलं, सूनबाई," काकाजी म्हणाले. "पोट्टी रिकामी आहे हे मले काट्यानं सांगितलं. आता तिले तू विचार. मी नाही विचारलं. ते आईनं विचारायचं."

सई आतून आली, माझ्या मांडीवर बसली आणि बराच वेळ माझ्या बांगड्या मोजत राहिली. दिवाळीनंतर तिची एकुलती एक मैत्रीण शाळा सोडून गेली होती, एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. "डब्बा दे देती हूँ तो वो लोग अपने पास बैठने देती हैं," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच.

मला रडू कोसळलं. रोज संध्याकाळी तो रिकामा डबा घासताना मी स्वतःवर किती खूश व्हायचे! काकूंनी पाणी दिलं. काकाजी काट्याची दांडी पुसत उभे राहिले, माझ्याकडे बघायला नको म्हणून. मग काकूच म्हणाल्या, दोन डबे दे, एक वाटायला आणि एक खायला, आणि बाईंना भेटून ये. रात्री नवऱ्याने विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, हो, सोमवारपासून दोन डबे. फॉर्मच्या पाठीवर मी किराण्याची यादी लिहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी फाटकाशी श्वास रोखून उभी राहायची. साडेचारशे. चारशे. परत साडेचारशे, तेव्हा आम्हा दोघांचीही तोंडं उतरली. आणि एक दिवस काकाजी रस्त्यापर्यंत पुढे आले, पावती हवेत धरून. "दोनशे! फक्त दोनशे!" आपली पोर कमी भरली म्हणून हरखलेली दोन मोठी माणसं बघून बाकीचे पालक आपसात काय बोलले असतील ते बोलोत. सईला तिच्याचसारखी एकटी बसणारी एक मुलगी सापडली होती, आणि महिन्याभरात डबा पुन्हा एकच झाला.

आता सई सहावीत जाणार. सायकल आली आहे, घराची किल्ली गळ्यात आली आहे, तिला सांभाळायला कोणी नको. मार्चमध्ये तिचा काकाजींकडचा शेवटचा दिवस होता. मी घ्यायला गेले तेव्हा ती सवयीने बूट काढून पाट्यावर चढली आणि म्हणाली, "दादाजी, जाने का वजन?" काकाजींनी दांडीवरचं वजन थोडं इकडे सरकवलं, थोडं तिकडे, आणि पेनाला टोपण लावलं.

"आज काटा बरोबर नाही दाखवून राहिला," ते म्हणाले. आपल्या काट्यात खोट आहे असं त्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी पावती फाडून माझ्या हातात दिली आणि लगबगीने आत निघून गेले.

ती पावती माझ्या पर्समध्ये आहे. आली चौतीस किलो शंभर, एवढंच तिच्यावर लिहिलं आहे. खालचा रकाना कोरा आहे, आणि तो भरायला काकाजी अजून तरी ऑटोत काटा घालून आमच्या दारात आलेले नाहीत.