मरनाऱ्या जवानाला मी घाई केली

मंडळी, रोज मी तालमीच्या या फळ्यावर कुनाची तरी खोडी काढतो. आज माझीच लाज लिवतो.

दुपारी चीनच्या लढाईचा शिनेमा बघाया गेलतो. लढाई संपून दोन वर्सं झाली नाय, आन शिनेमा आला पन! त्यात बर्फात पडलेला जवान मरता मरता आईला निरोप सांगत होता. संपेचना. मी वरडलो, "आटप रं भावा, माझी येष्टी चुकंल!" सगळं थेटर हसलं.

भायेर आलो तर कोन? आपल्या गावची पारूमावशी उभी. तिचा पोरगा दत्तू त्याच लढाईत गेला. घरी नुसती तार आली, बाकी काय नाय.

मी म्हटलं, "मावशी, तू कशाला आलीस असलं बघाया?"

"दत्तू कसा गेला, कुनी सांगितलंच नाय. म्हटलं हितं तरी दिसंल." मंग माझा आवाज वळखून म्हनाली, "तूच वरडलास ना? मंग खरं सांग बाळा, मरताना येवढं बोलाया मिळत नाय का?"

मी खिशात येष्टीचे पैसं चाचपाया लागलो. मावशी चालाया लागली.

असले शिनेमे इतक्या लवकर काढावे का? मला इचाराल तर काढू नये. त्यातला जवान खोटाच मरतो. पन मावशीला त्याच्यातच दत्तूचं शेवटचं बोलनं गावलं होतं, आन ते मी हसन्यावारी नेलं.

उद्या तिच्या दारात जाऊन काय सांगू? खाली जागा सोडलीय, खडू पन ठेवलाय. कुनाला सुचलं तर लिवा.