भिंतीला चिकटलेली बाजू

आमच्या घराच्या भिंती पत्रकांनी मढलेल्या होत्या. वडील चळवळीत. हिंगोलीहून सायकलवर गठ्ठे आणायचे. वाटून उरलेली पत्रकं आई ज्वारीच्या पिठाची खळ करून पोपडे निघालेल्या भिंतीला चिकटवायची. मी अक्षरं तिथेच शिकले. पाठ्यपुस्तकाआधी मला 'निषेध' वाचता येत होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताई पुसेगावहून पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा मी दहावीत होते. दाईने घरीच सुटका केली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी ताईला ताप भरला. वडिलांनी तिला कळमनुरीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने इंजेक्शन दिलं, कॅप्सूल लिहून दिल्या आणि बजावलं, सात दिवस, एकही चुकवायची नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईला त्या कॅप्सूल पहिल्यापासून खुपत होत्या.

"गरम औषध हाय ते. दूध आटंल तुझं."

"डागदरनं सात दिवस सांगितलं न, माय," ताई म्हणाली.

"डागदरला काय, त्याला विकायचं असतंय."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. वाचणारी मीच. ताईच्या बाजेच्या उशाशीच एक पत्रक होतं. बाळंतीण म्हणजे आजारी बाई नव्हे, नीट बाळंत झालेल्या बाईला अँटिबायोटिक देणं ही निव्वळ लूट आहे, असं त्यात होतं. मी ते सभेत वाचावं तसं खड्या आवाजात वाचून दाखवलं. ताई हसली.

"घ्या. आमच्या घरी भिंतच डागदर हाय."

कॅप्सूल बंद झाल्या. उरलेल्या आईने मिठाच्या बरणीशेजारी डबीत ठेवल्या, कोणाला लागल्या तर असाव्यात म्हणून. शेजारची दोन घेऊनही गेली, दाढ दुखते म्हणून. मला तेव्हा लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी खोलीत वास येऊ लागला. "बाळंतिणीच्या खोलीला वास असतोच," आई म्हणाली आणि तिने शेगडीत ओवा टाकून धुरी वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला अशी हुडहुडी भरली की बाज वाजू लागली. पोटाला हात लावू देईना. वडिलांनी भाड्याची जीप आणली. नांदेडला तिचा जीव वाचला. गर्भाची पिशवी काढावी लागली. ताई तेव्हा वीस वर्षांची होती. वडील दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांची ट्रंक आवरताना त्याच पत्रकाची एक न चिकटवलेली प्रत हाती आली. ते पाठपोट छापलेलं होतं. मागच्या बाजूला लिहिलं होतं की बाळंतपणानंतर ताप आला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरने दिलेलं औषध बरं वाटलं तरी पुरतं घ्या. कागद खोटा नव्हता. अर्धा भाग आम्हीच खळ लावून झाकला होता.

धडधाकट बाळंतिणीच्या हातातही सरसकट कॅप्सूल ठेवणाऱ्यांचा मला आजही संताप येतो, आणि तो रास्त आहे. पण ताई धडधाकट नव्हती. तिला ताप होता, हे मला दिसत होतं. मी तिच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहिलं.

दिवाळीला ती आली तेव्हा मी ते पत्रक तिच्या पुढ्यात ठेवलं. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. ताईने एक बाजू वाचली, उलटून दुसरी वाचली. ताईला वाचायला वेळ लागायचा.

"कागद उलटून काहून न्हाई पाहिला?"

"चिकटवलेला होता."

"व्हय. बराबर हाय." तिने घडी घालून तो मला परत दिला. "सासूला पिशवीचं ठावं न्हाई. रोज इचारती, पोरगं कवा व्हणार म्हणून. तिला कोणती बाजू वाचून दाखवू?"