परवान्यात अडकलेला रबरी भाग

मी सरकारी वस्त्रसंशोधन संस्थेत अभियंता होते आणि राहायला भिवंडीतच. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सूत वाहून नेणारा धोटा जिथे जोरात आदळतो, तिथे बसवायचा एक रबरी भाग मी तयार केला होता. त्यानं मागाचा आवाज बराच उतरायचा. चाचणीसाठी माग थांबवावे लागतात, म्हणून कुणी कारखाना देईना. शेवटी भिवंडीच्याच नारपोली भागातल्या एका मालकानं दिला. तो मूळचा परभणीकडच्या पूर्ण्याचा. लहानपणापासून लूमवर उभा राहिलेला. एका कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं.

भाग बसवल्यावर काही दिवसांनी गेले, तर कारीगर लूम चालू असताना एकमेकांशी बोलत होते. आधी सगळं हाताच्या खुणांवर चालायचं.

पेटंट संस्थेच्या नावावर झालं. स्थानिक वर्कशॉपना बनवू द्यावं, असं मी सुचवलं. पण तंत्रज्ञान हस्तांतरण विभागानं एका मोठ्या यंत्रकंपनीला एकटीलाच परवाना दिला. करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. ती कंपनी नवे, महागडे लूम विकायची. जुने लूम सुसह्य करणारी वस्तू ती कशाला बनवेल? तिनं एकही नग काढला नाही.

चाचणीचे भाग झिजले. मालक संस्थेत आला, त्याला कंपनीकडे पाठवलं. कंपनीनं माल नाही म्हणून सांगितलं. मग त्यानं नारपोलीतल्याच एका वर्कशॉपमधून तसेच भाग बनवून घेतले. शेजारचे कारखानदारही घेऊ लागले, तशी कंपनीनं तक्रार केली.

हा भाग आपल्याच रचनेचा आहे का, असं संस्थेनं मला लेखी विचारलं. होता. तसं लिहिलं, आणि त्याखाली हेही लिहिलं की कंपनीनं काहीच बनवलेलं नाही, परवाना रद्द करावा. भाग काढा म्हणून संस्थेनं मालकाला पाठवलेल्या नोटिशीत माझं पहिलं वाक्य तेवढं गेलं.

मी कारखान्यात पोचले तेव्हा मालक स्वतःच पान्यानं भाग काढत होता.

"मी चोरी केली न्हाय, मॅडम. तुमीच आणून बसवलं होतं."

वस्तू माझी नाही, संस्थेची आहे, असं मी म्हणाले.

"मंग संस्था कोनाची हाय?"

मी सरकारची म्हणाले. तो पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं लूम सुरू झाले आणि आमचं बोलणंच थांबलं.

काही वर्षांनी कंपनीनं परवाना परत केला. धंद्यात बसत नाही, एवढंच कारण दिलं. संस्थेनंही पेटंटचं नूतनीकरण केलं नाही. आता कुणीही तो भाग बनवू शकत होतं. मी आनंदानं मालकाला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोनं. लूम भंगारात गेले होते, जागा गोदामाला दिली होती, असं तिनं सांगितलं. त्यांच्याशी बोलता येईल का, असं मी विचारलं.

"त्यांना फोनवर ऐकू येत न्हाय आता," ती म्हणाली. "काय ते मला सांगा."

सहज फोन केला होता म्हणाले आणि ठेवला.